नकाशावर सनावळ्या लिहिल्याशिवाय गोदावरीचे भांडण कळत नाही

दरवर्षी ऑक्टोबरचा मध्य जवळ आला की नाशिक, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत गोदावरीवरच्या, पैठणजवळच्या जायकवाडी धरणाच्या पाणीसाठ्याचा आकडा रोज विचारला जातो. १५ ऑक्टोबरला धरणातला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या वर असला, तर विषय वर्षभरापुरता मिटतो. खाली असला, तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची मागणी होते, आदेश निघतो, त्याविरुद्ध याचिका दाखल होतात, एकीकडे रास्ता रोको आणि दुसरीकडे धरणावर ठिय्या सुरू होतो. दोन्हीकडच्या फलकांवर मजकूर एकच असतो: आमच्या हक्काचे पाणी.

या भांडणात एक गोष्ट लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. नाशिक-नगरचा शेतकरी इतिहास सांगतो: दारणा धरण १९१६ चे, भंडारदरा १९२६ चे, आमच्या चार पिढ्या या पाटांवर जगल्या. मराठवाड्यातला शेतकरी भूगोल सांगतो: खोरे एक आहे, नदी एक आहे, वर अडवले तर खाली येणार कुठून? दोघांचे म्हणणे खरे आहे आणि दोघांचेही अपुरे आहे. वरच्याला आपल्या इतिहासामागचा भूगोल सांगायचा नसतो, खालच्याला आपल्या भूगोलामागचा इतिहास पुरता ठाऊक नसतो. शाळेत हे दोन विषय दोन वेगळ्या पुस्तकांत, दोन वेगळ्या पेपरांत शिकलेल्या माणसांकडून दुसरी अपेक्षा तरी कशी करायची? माझे म्हणणे एवढेच आहे की आजचा कोणताही मोठा सार्वजनिक प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर इतिहास आणि भूगोल एकाच कागदावर आणावे लागतात. वेगवेगळे ठेवले की ते फक्त आपापल्या बाजूचे पुरावे होतात. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यावरून हे नीट दाखवता येते.

आधी जमीन पाहू. त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगेत पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. पश्चिमेला उतरणारे पाणी वैतरणेतून अरबी समुद्राकडे जाते आणि वाटेत मुंबईच्या नळांना मिळते. पूर्वेला उतरणारे गोदावरीत येते आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. उगमापासून पश्चिमेचा समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर आहे, पण पठार पूर्वेकडे कललेले असल्याने नदीला ती वाट नाही. पाऊस मात्र पश्चिमेकडून येतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास येतो, आणि पुढे कोपरगाव, वैजापूर, पैठणकडे पाचशे-सहाशेवर. म्हणजे वरच्या गोदावरी खोऱ्याचे बरेचसे पाणी घाटमाथ्यालगतच्या एका अरुंद पट्ट्यात पडते. त्या पट्ट्यात धरण बांधणाऱ्याच्या हातात खोऱ्याच्या पाण्याची चावी येते.

दुसरी गोष्ट पायाखालच्या खडकाची. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग झाकलेला आहे. हा काळा खडक आपल्या घनफळाच्या साधारण एक ते तीन टक्के एवढेच पाणी विहिरीला देऊ शकतो, तेही वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांमध्ये साठलेले. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीत हेच प्रमाण कितीतरी पट जास्त असते. म्हणून पंजाब-उत्तर प्रदेशात नलिका-विहिरींनी जे काम केले, ते इथे विहिरी करू शकत नाहीत. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ दाखवते. बोअर खोल नेली म्हणून पाणी वाढत नाही, एखादी भेग लागली तर लागली. जमिनीखाली साठवण नसली की ती जमिनीवर करावी लागते. महाराष्ट्राच्या राजकारणात धरणाला जे वजन आहे, त्याचे मूळ या खडकात आहे, आणि हा धडा नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही.

आता सनावळ्या. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि दुष्काळ-निवारणासाठी कालवे काढणे हे मुंबई इलाख्याच्या सरकारचे ठरीव धोरण होत गेले. १८८५ चा नीरा डावा कालवा, पुढे दारणा धरण आणि नांदूर-मधमेश्वरवरून निघालेले गोदावरी कालवे, प्रवरेवरचे भंडारदरा, ही सगळी त्याच मालिकेतली कामे. कोरड्या पट्ट्यात पाऊस चुकला तर ज्वारी-बाजरी वाचावी, हा त्यांचा जाहीर हेतू होता.

हेतू आणि परिणाम इथून वेगळे झाले, आणि त्याचे कारण मातीत आहे. गोदावरी-प्रवरेकाठची खोल काळी जमीन ओल धरून ठेवते. बऱ्या पावसाच्या वर्षी रब्बी ज्वारी त्या ओलीवरच पिकते. अशा वर्षी शेतकरी पाणीपट्टी भरून कालव्याचे पाणी कशाला घेईल? दुष्काळाच्या वर्षी सगळ्यांना एकदम पाणी हवे आणि इतर वर्षी कोणालाच नको, अशा कालव्याचा खर्च निघत नव्हता. सरकारला बारमाही गिऱ्हाईक हवे होते. ते उसाने दिले. सुरू ऊस बारा महिने, पूर्वहंगामी पंधरा आणि आडसाली अठरा महिने शेतात उभा राहतो, आणि प्रवाही पद्धतीने त्याला हेक्टरी २० ते २५ हजार घनमीटर पाणी लागते. दोन-तीन पाण्यांत येणाऱ्या ज्वारीशी त्याची तुलनाच होत नाही. दुष्काळापासून संरक्षण म्हणून आलेले पाणी असे उसाकडे वळले. नीरा आणि प्रवरा कालव्यांखाली निचरा न झालेल्या जमिनी पाणथळ आणि खारपड होऊ लागल्या, तोही याच प्रवासाचा भाग. नंतर खासगी साखर कारखाने आले. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला. त्यातून शाळा, महाविद्यालये, दवाखाने उभे राहिले, नेतृत्व घडले. ते यश खरे आहे आणि त्या पट्ट्यातल्या माणसांच्या कष्टाचे आहे. पण पाणी त्यांच्या शिवारात आधी का पोहोचले, हा प्रश्न कष्टाने सुटत नाही. त्यासाठी १९४८ पूर्वीचा नकाशा काढावा लागतो.

त्या नकाशावर गोदावरी ही सरहद्द आहे. नगर जिल्ह्याच्या ईशान्येला बऱ्याच अंतरापर्यंत नदीचा एक काठ मुंबई इलाख्यात होता आणि दुसरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. पावसाचा पट्टा, धरणाच्या चांगल्या जागा, दुष्काळ आयोगाचे धोरण, कालव्यांचे कर्ज आणि अभियंते हे सगळे एका सरहद्दीच्या आत होते. खालच्या मराठवाड्याचे सरकार हैदराबादेत होते. त्याने मोठे सिंचनाचे काम केले ते मांजरा नदीवर, १९३१ चे निजामसागर, आणि ते पाणी तेलंगणाला मिळाले. औरंगाबाद, परभणी, बीड यांच्या वाट्याला गोदावरीचा मोठा कालवा आला नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ची आणि लोकार्पण २४ फेब्रुवारी १९७६ चे. म्हणजे दारणा धरण पुरे झाले त्यानंतर साठ वर्षांनी.

ही साठ वर्षे म्हणजे या वादाचा कणा आहे. ती कोण्या शेतकऱ्याच्या आळसाने किंवा दुसऱ्याच्या लबाडीने पडलेली नाहीत. एका राजकीय सरहद्दीच्या दोन बाजूंना दोन वेगळी सरकारे होती आणि पाऊस त्यांतल्या एकाच बाजूला होता, हे त्यांचे कारण आहे. नुसता भूगोल शिकलेल्याला ती साठ वर्षे दिसत नाहीत. नुसता इतिहास शिकलेल्याला ती दिसतात, पण नदी कोणत्या दिशेला वाहते याच्याशी तो त्यांचा संबंध जोडत नाही, आणि मग सगळ्याचा शेवट ‘अन्याय’ किंवा ‘मेहनत’ अशा एका शब्दात होतो.

जायकवाडीची जागाही पाहण्यासारखी आहे. भंडारदरा अरुंद खोऱ्यात आहे. भिंत ८२ मीटर उंच आणि पाणी खोल. पैठणला नदी सपाटीवर आलेली असते. तिथे धरणाची मातीची भिंत दहा किलोमीटर लांब आहे, उंची मात्र एक्केचाळीस मीटरच्या आसपास. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पूर्ण भरला की २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते, म्हणजे सरासरी खोली आठ मीटरच्या थोडी वर. एवढ्या उथळ आणि पसरट साठ्यावर उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी हवेत जाते. उन्हाळ्यात आक्रसलेला फुगवटा दोनशे चौरस किलोमीटर आणि बाष्पीभवन एक सेंटिमीटर धरले, तर दिवसाला २० लाख घनमीटर झाले. चौदा दिवसांत एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट. वरचे शेतकरी जेव्हा म्हणतात की ‘खाली सोडलेले पाणी वाफ होऊन जाते’, तेव्हा ते पोकळ बोलत नसतात. पण सपाटीवर, कोरड्या पट्ट्यात धरण बांधायचे तर ते असेच होणार, चांगल्या जागा आधीच वर वापरल्या गेल्या होत्या, हे त्या वाक्यातून गळून पडते.

२००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला. त्याच्या कलम १२(६)(क) मध्ये तत्त्व असे आहे की टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत पाण्याचे प्रमाण शक्यतो समान असावे. २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीने त्याचे तक्ते करून दिले. कोणत्या धरणात किती साठा असेल तर किती सोडायचे, हे त्यांत आहे. ६५ टक्क्यांचा आकडाही तिथलाच. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. २०२३ मध्ये याच आधारावर ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला.

८.६ टीएमसी म्हणजे किती, हे उमजल्याशिवाय या बातमीवर मत बनवू नये. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर, २,८३० कोटी लिटर. नदीत १०,००० क्युसेकने, म्हणजे सेकंदाला दहा हजार घनफूट, विसर्ग चालू ठेवला, तर दिवसाला ०.८६ टीएमसी जाते; ८.६ टीएमसीला बरोबर दहा दिवस लागतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, ते देशभर गाजले. पुढे एका फेरीत २५ लाख लिटर जाऊ लागले. त्या हिशेबाने एक टीएमसी न्यायला अकरा हजारांवर फेऱ्या लागतील.

आणि दहा दिवस सोडलेले पाणी तेवढेच पोहोचत नाही. नदी कोरडी असेल तर आधी पात्रातली वाळू पाणी पिते, मग डोह भरतात, मग प्रवाह पुढे सरकतो. वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, आधी काढाव्या लागतात, नाहीतर पाणी तिथेच अडते. काठावरच्या उपसा पंपांची वीज तोडावी लागते. हे सगळे ऑक्टोबरमध्ये करायचे, कारण तेव्हा पात्र अजून ओले असते आणि ओढ्यानाल्यांची धार चालू असते. २०२३ मध्ये आदेश ऑक्टोबरअखेरीस निघाला आणि विरोध, याचिका यांत जाऊन प्रत्यक्ष पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. भांडणातला प्रत्येक आठवडा वाळूत मुरतो. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना हे ठाऊक असते. लोकांना ते शाळेत कळले असते, तर पुढाऱ्यांना उशीर करणे एवढे सोपे राहिले नसते, असे माझे ठाम मत आहे.

इथे एक सावधगिरी हवी. भूगोल हाताशी आला की माणसाला सगळे अटळ वाटू लागते: खडक असा, पाऊस असा, मग दुष्काळ येणारच. हा विचार आळशी आहे आणि धोकादायकही, कारण तो सगळ्यांना जबाबदारीतून मोकळे करतो. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचा खडक आजूबाजूच्या गावांसारखाच आहे, पाऊसही सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९९० च्या आगेमागे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने पाणलोटाची कामे केली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस लावायचा नाही, असे ठरवले, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके घेतली. जमीन मर्यादा आखून देते, त्या मर्यादेत काय करायचे ते माणसे ठरवतात. आणि त्या ठरवण्याला तारीख असते, म्हणून तो इतिहास असतो. याच कसोटीवर मराठवाड्यालाही तपासले पाहिजे. जायकवाडीच्या लाभक्षेत्रात आणि मांजरा खोऱ्यात पुढच्या काळात ऊस आणि कारखाने वाढत गेले. साठ वर्षांचा अनुशेष खरा आहे, आणि मिळालेले पाणी पुन्हा त्याच उसाला दिले गेले हेही खरे आहे.

हीच रीत जिल्ह्याबाहेर, देशाबाहेरही चालते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनमधून जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि नाशिकच्या द्राक्षांचे युरोपला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. दहा-पंधरा दिवसांचा प्रवास वाढला. द्राक्ष शून्य अंशाच्या आसपास, पेटीत गंधकाचा कागद घालून पाठवतात. तरी दिवस वाढले की देठ सुकतो, घड झडतो आणि रॉटरडॅमला भाव पडतो. हे बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीमुळे झाले, तिची रुंदी तीस किलोमीटरच्या आसपास. तिच्या जवळचे एडन बंदर १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या ब्रिटिश फौजेने घेतले होते, मुंबई-सुएझ वाटेवर आगबोटींना कोळसा भरायला जागा हवी म्हणून. १९३२ पर्यंत एडन मुंबई इलाख्यात मोडत होते. नकाशावर ही अरुंद जागा पाहिली आणि शेजारी १८३९ व १८६९, म्हणजे सुएझ कालवा सुरू झाला ते साल, लिहिले की येमेनमधल्या लढाईचा निफाडच्या बागेशी संबंध कसा, हे निराळे समजावावे लागत नाही.

आता शाळेकडे वळतो. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा ४० गुणांचा पेपर, भूगोलाचा ४० गुणांचा पेपर आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. २०१८ मध्ये आलेले भूगोलाचे पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करते आणि त्याचा पहिला पाठ क्षेत्रभेटीचा आहे. त्याच वर्षीच्या इतिहासाच्या पुस्तकात उपयोजित इतिहासावर पाठ आहे. ही पुस्तके वाईट नाहीत. दार दोन्हीकडे उघडे ठेवले आहे, पण दोन दारांमध्ये भिंत आहे. विद्यार्थी ‘भौगोलिक कारणे लिहा’ सोडवतो आणि ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ सोडवतो. ॲमेझॉनचे खोरे रंगवतो, पण आपल्या गावचा ओढा कोणत्या नदीला मिळतो आणि त्या नदीवरचे पहिले धरण कोणत्या साली, कोणत्या राजवटीत झाले, हे त्याला कोणी विचारत नाही. क्षेत्रभेट सहलीत जमा होते आणि तिचा अहवाल मागच्या वर्षीच्या वहीतून उतरतो.

नवा विषय, नवे पुस्तक, नवा तास काही लागत नाही. ते २० गुण एका कामाला द्यावेत. आपल्या तालुक्यातला एक वादाचा प्रश्न घ्यायचा आणि त्याचा सनावळी-नकाशा करायचा. प्रश्न पाण्याचाच हवा असे नाही. बाह्यवळण रस्ता, गायरान, बंद पडलेली सूतगिरणी, वारंवार बुडणारा पूल, काहीही चालेल. मात्र तो अरुंद हवा. ‘जलसमस्या’ असा विषय घेतला की निबंध होतो. ‘आपल्या पाटाला चौथे आवर्तन का मिळत नाही’ असा घेतला की अभ्यास होतो.

पाण्याचा प्रश्न असेल तर काम असे चालेल. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्यायचा. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून पहिल्यांदा फक्त नद्या-ओढे निळ्या शाईने उतरवायचे. मग डोंगराच्या धारेवरून पाणलोटाची, म्हणजे ज्या भागातले पाणी त्या ओढ्याला येते त्या भागाची, हद्द काढायची. समोच्च रेषांची टोके जिथे चढाकडे वळतात तिथे ओढा आहे, उताराकडे वळतात तिथे सोंड आहे; हद्द सोंडेवरून जाते आणि पाणी बाहेर पडते ते तोंड सोडले तर ओढ्याला कुठेच ओलांडत नाही. बहुतेक मुले पहिल्यांदा ती चुकवतात आणि तालुक्याची हद्द हीच पाणलोटाची हद्द धरतात. ही चूक शिक्षकाने खोडून देऊ नये, ओढ्याला काटणारी जागा दाखवून मुलालाच शोधू द्यावी. दुसऱ्या कागदावर प्रत्येक बंधारा, धरण, कालवा, कारखाना, रेल्वे आणि त्याच्याशेजारी साल. तिसऱ्या कागदावर जुनी राजकीय सरहद्द: मुंबई इलाखा, हैदराबाद, वऱ्हाड, संस्थाने, जे असेल ते. तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले की वर्गाचे प्रश्न सुरू होतात.

जुन्या नोंदींसाठी मुंबई इलाख्याचे गॅझेटियर आहे. नाशिकचा खंड १८८३ चा, अहमदनगरचा १८८४ चा. त्यांत विहिरी, पिके, बाजाराचे वार, रस्ते, दुष्काळ यांच्या बारीक नोंदी सापडतात. पण ते महसूल गोळा करणाऱ्या सरकारचे लिखाण आहे. जमीन, सारा आणि पीक यांबद्दल ते नेमके असते, माणसांबद्दल आणि जातींबद्दल त्यातली सरसकट विधाने जशीच्या तशी उतरवू नयेत. दुष्काळात गाव सोडून गेलेल्या कुळाचा आवाज त्यात नाही. तो गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आणि जात्यावरच्या ओव्यांत शोधावा लागतो.

आकड्यांत तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला टक्क्यांचा. ‘भंडारदरा ९० टक्के, जायकवाडी ४० टक्के’ असे वाचले की खालचे धरण कोरडे वाटते. भंडारदऱ्याची क्षमता ११ टीएमसी, तिचे ९० टक्के म्हणजे दहाच्या आत. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६ टीएमसीच्या थोडा वर, त्याचे ४० टक्के म्हणजे तीसवर. टक्के वाटपाच्या तुलनेला उपयोगी, पाणी मोजायला निरुपयोगी. दुसरा मृत साठ्याचा. जायकवाडीची एकूण क्षमता १०२ टीएमसी आहे, म्हणजे ‘शून्य टक्के’ असतानाही तिथे सुमारे २६ टीएमसी पाणी असते आणि पिण्यासाठी त्याला हात लावला जातो. तिसरा सरासरी पावसाचा. पाचशे मिलिमीटर चाळीस दिवसांत पडले की पीक येते, बारा दिवसांत पडले की माती वाहून जाते, आणि तक्त्यात दोन्ही वर्षे सारखी दिसतात. म्हणून पावसाचे दिवसही मोजायचे, निदान दहा वर्षांचे.

यापेक्षा मोठा घोळ एका कारणावर थांबण्याचा. १८७५ मध्ये सुपे आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. कारण काय, तर सावकाराचा जाच, असे लिहून मुले मोकळी होतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले, त्याच सुमारास फेरआकारणीत सारा वाढला, आणि जिथे हे घडले ती जमीन पर्जन्यछायेतली होती. चढत्या भावावर घेतलेले कर्ज पडत्या भावात आणि वाढलेल्या साऱ्यात फेडायचे होते. यांतले एक कारण काढून घेतले तरी बाकीच्यांचा अर्थ बदलतो. आजच्या कर्जमाफीच्या चर्चेत नेमके हेच होते, प्रत्येक पक्ष एक कारण उचलतो.

शिक्षकांवर आधीच कामाचा बोजा आहे, ही हरकत खरी आहे. पण अनेक शाळांत इतिहास आणि भूगोल एकच शिक्षक शिकवतात. वीस गुणांसाठी आज जे दोन-तीन उपक्रम कागदावर दाखवावे लागतात, त्यांच्या जागी वर्षभरात हे एक काम पुरे. दुसरी हरकत अशी येते की वादाचे प्रश्न शाळेत आणले की गावातले राजकारण वर्गात येईल. ते आजही येतच आहे, फक्त मुलांकडे नकाशा नसतो.

गुणांची वाटणी मी अशी करीन. पाच गुण पाणलोटाच्या हद्दीला. पाच गुण तारखांना, प्रत्येक तारीख कुठून मिळाली ते लिहिले असेल तरच. पाच गुण पाऊस आणि पिकांच्या दहा वर्षांच्या तक्त्याला. आणि उरलेले पाच गुण विरुद्ध बाजूचे म्हणणे तिच्या सर्वांत मजबूत रूपात मांडण्याला: पैठणच्या शाळेतल्या मुलाने कोपरगावच्या ऊसवाल्याची बाजू लिहायची आणि कोपरगावच्या शाळेतल्या मुलीने पैठणच्या कोरडवाहू शेतकऱ्याची, नकाशावरच्या जागा आणि साले दाखवून.